खाट सातच्या आजी

ता. १४, शनिवार
दुपार, जेवणानंतर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. एरवी मी यापुढे ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहिलं असतं, पण माझं क्षेम किती आणि कुठे दुखतंय ते तुझ्या टेबलावरच्या फायलीत माझ्याहून जास्त लिहिलंय. ते टेबल मला खाटेवरून दिसतं. तू आत्ता पेनाचं टोपण चावते आहेस. लहानपणापासूनची घाण सवय.

वीस पावलांवर बसलेल्या मुलीला आईनं पत्र लिहावं, हे लोक ऐकतील तर हसतील. पण तू माझ्या खाटेशी येतेस ती कायम चार मुलींना घेऊन. आणि खालच्या मुलींसमोर इन्चार्ज सिस्टरला बोलायचं नाही, हा नियम मीच तुला शिकवला. तिचा मान गेला की वॉर्डही हातातून जातो. म्हणून रोज जीभ चावून पडून राहते. आज मात्र तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि ती कागदावर उतरवल्याशिवाय मला गोळीनंही झोप लागायची नाही.

आधी चांगलं सांगते, म्हणजे म्हातारी नुसती किरकिर करते असं व्हायला नको. तुझ्या मुली कामाला चोख आहेत. वेळेवर कूस बदलून देतात, पाठीला अजून साधा लालपणाही आलेला नाही. ती बुटकी, हसरी पोरगी सुई टोचते ते कळतसुद्धा नाही. खुब्याची जखम कोरडी आहे. जेवण बेचव आहे, पण ते माझ्या काळीही होतं.

आता तुझं. राउंडला येतेस आणि म्हणतेस, “काय आजी, कशा आहात?” आजी! बारा खाटांच्या बारा म्हाताऱ्यांना तू आजी म्हणतेस, त्यातली मी एक. शेजारच्या आठ नंबरच्या बाईंनी मला विचारलं, “या मोठ्या सिस्टर तुमच्या ओळखीतल्या का हो? तुमच्याकडे बघायचं टाळतात.” मी म्हटलं, “जन्मापासून ओळखते.” त्यांना वाटलं मी थट्टा करते.

गुरूची विद्या गुरूला, असं तू म्हणशील. तू शिकाऊ म्हणून माझ्या वॉर्डात आलीस तेव्हा मी तुला ‘सिस्टर’ म्हणायला लावलं होतं, नातं दाराबाहेर ठेवायला सांगितलं होतं. कबूल. पण ड्युटी संपली की तेच नातं दाराबाहेर तुझी वाट बघत उभं असायचं ना? घरी आल्यावर तुझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन कोण बसायचं? तुझी ड्युटी चारला संपते, ठमे. चार वाजता तू पर्स उचलतेस आणि माझ्या खाटेवरून जावं लागू नये म्हणून त्या पलीकडच्या दारानं जातेस.

आणि आता ते, ज्यासाठी कागद मागून घेतला.

काल दुपारी पाळी बदलताना मुली माझ्या पायथ्याशी उभ्या राहून एकमेकींना पेशंटांची माहिती देत होत्या. माझे डोळे मिटलेले होते. एक म्हणाली, “सात नंबर. सोमवारी डिस्चार्ज. घरी नाही, केंद्रात, कायमच्या. पेशंटला अजून सांगितलेलं नाही.” दुसरी म्हणाली, “हळू बोल.” पहिली म्हणाली, “झोपल्यात गं त्या.”

डोळे मिटलेलं माणूस झोपलेलं नसतं. माणूस जातं तेव्हाही कान सगळ्यात शेवटी जातात, हे मी किती पोरींच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं! तू तुझ्या पोरींना हे शिकवलं नाहीस का? की शिकवायला वेळ नव्हता, कारण तू माझी खोली ठरवण्यात गुंतली होतीस?

संध्याकाळी मी त्या हसऱ्या पोरीकडे माझा केअर प्लॅन मागितला. तिचं हसू गेलं. म्हणाली, “इन्चार्ज सिस्टरना विचारते.” मी म्हटलं, “बाळ, तो प्लॅन माझा आहे. मी बघितला तर त्यात तुझ्या सिस्टरची परवानगी कशाला?” आणून दिला बिचारीनं. तिला रागावू नकोस, तिनं तुझ्यापेक्षा बरोबर केलं.

चष्मा लावून वाचला. तुझ्या अक्षरात. ‘दीर्घकालीन काळजी केंद्रात पाठवणे. पेशंट व नातेवाइकांशी सविस्तर चर्चा केली. पेशंटची तयारी आहे.’ खाली सही, तारीख, वेळ.

कधी केलीस चर्चा? कोणाशी? तुझ्या दादाशी फोनवर केली असशील, तो काय, “ठमी म्हणेल तसं” म्हणून मोकळा. माझ्याशी तू इतक्या दिवसांत ‘कशा आहात’ आणि ‘शी झाली का’ यापलीकडे एक वाक्य बोललेली नाहीस. पहिल्या वर्षाला असताना ओट्याशी उभी राहून घोकायचीस, “लिहिलं नाही तर केलं नाही, लिहिलं नाही तर केलं नाही.” कुकरची शिट्टी व्हायची तरी तुझं चालूच. त्याची दुसरी बाजू मी तेव्हाच सांगितली होती: केलं नाही तर लिहायचं नाही. खोटा ताप लिहिणाऱ्या नर्सला मी वॉर्डातून हाकललं होतं, तुला आठवत असेल. तू माझी खोटी तयारी लिहिलीस. तापापेक्षा ते मोठं आहे.

मला इतका संताप आलाय की हात थरथरतोय. अक्षर बघून तू म्हणशील, बघा, हात थरथरतो, एकटी कशी राहणार? म्हणून खुलासा केला.

बरं. एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते. पडले तेव्हा बाथरूमची फरशी ओली होती, असं मी तुला, डॉक्टरांना, सगळ्यांना सांगितलं. फरशी कोरडी होती. माझ्या पायानंच दगा दिला. काल व्यायामाच्या बाईंनी पायऱ्यांशी नेलं, तर मी कठडा धरून उभी राहिले आणि घाम फुटला. “उद्या बघू,” असं मीच त्यांना म्हटलं. घरी तर पूर्ण जिना आहे. मला भीती वाटते, ठमे. घरी जायची वाटते आणि न जायचीही वाटते. तुझ्या प्लॅनमध्ये माझा रक्तदाब आहे, लघवी आहे, दातांची कवळी आहे. भीती कुठेच नाही. कारण ती विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारलं कोणी नाही.

तू विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? कदाचित ‘हो’ म्हटलं असतं. नर्स आहे मी, माझं मला कळतं. पण ते ‘हो’ माझं होतं. तू ते माझ्या तोंडात न येताच लिहून टाकलंस.

आता काय करायचं ते सांगते. फाईल काढ. ते वाक्य खोडताना गिरगटू नकोस, पांढरी शाई लावू नकोस. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि वेळ. शिकवलंय तुला.

मग चार वाजता ड्युटी संपली की टोपी काढून, एकटी, या बाजूच्या दारानं ये. स्टूल ओढ. उभ्यानं विचारलेलं मी ऐकणार नाही. विचार, “आई, तुला काय हवंय?”

उत्तर आत्ता लिहीत नाही. ते ऐकायला यावं लागेल.

वॉर्डातल्या मावशी पत्र देतील. वाचताना तोंड नीट ठेव, मुली बघत असतात.

डोळे मिटून पडलेली, पण जागी,
तुझी आई