उजवा वाफा आणि डावा वाफा

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे अगदी खरं. बी पेरायला वाकलो, तो अजून पुरता सरळ झालेलो नाही.) तुझे गुडघे बरे असतील, काकांचा खोकला थांबला असेल आणि तुझा शेजारणीशी असलेला अबोला सुटला असेल, अशी आशा आहे. सुटला नसेल तरी घाई करू नकोस. अबोला ही किती सुखाची गोष्ट आहे, ते आमच्याकडे आठवडाभर राहिलीस की कळेल.

आमची खुशाली विचारशील, तर ती सध्या मागच्या अंगणातल्या दोन वाफ्यांवर अवलंबून आहे. माझे सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा बायकोने त्यांना इकडे आणलं, हे तुला माहीत आहेच. आता एकट्याने राहायचं नाही, कायमचं इथेच, असा तिचा हट्ट. त्यांचं पालुपद एकच, "चार दिवस आलोय." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण त्यांचे हे चार दिवस काही संपत नव्हते आणि आम्हीही ते मोजत नव्हतो. मग एके सकाळी चहाच्या वेळी त्यांनी औषधाची एक जुनी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यात मूठभर बडीशेप होती. सासूबाईंनी शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने धरलेलं बी. सासरे म्हणाले, "ही इथे रुजली तर मीही राहीन. नाही रुजली तर मला कुणी आग्रह करायचा नाही." बायकोच्या हातातला कप तिथेच थांबला. आणि आईने (तुझी बहीण ती, मी वेगळं काय सांगू!) त्याच क्षणी जाहीर केलं की, मग मी शेपू लावणार. वर्षानुवर्षं त्या अंगणात तिने गवताची काडीही लावली नव्हती.

वाटणी झाली. मागच्या दाराच्या उजवीकडचा वाफा आईचा, डावीकडचा सासऱ्यांचा. आईचे गुडघे आणि व्याह्यांची कंबर, दोन्ही वाकेनात, म्हणून पेरणीचं काम माझ्याकडे आलं. त्याबरोबर व्याख्यानंही आली. आई म्हणाली, शेपू दाट पेरायचा, माती ओली ठेवायची, महिना-सव्वा महिन्यात कापून भाजी करायची, आळस केला तर तो फुलावर जातो आणि मग काही कामाचा राहत नाही. सासरे म्हणाले, बडीशेप विरळ लावायची, माती खोल हवी, ऊन भरपूर, पाणी बेताचं, रोप वाढलं की काठीचा आधार, आणि एकदा रुजल्यावर मूळ हलवायचं नाही, नाहीतर रुसून मरते. दाणे धरायला सहा-सहा महिने धीर धरावा लागतो. थोडक्यात, शेपू पोट भरायला आणि बडीशेप पोट भरल्यावर, एवढं मला कळलं. बाकी सगळ्याचा डोक्यात काला झाला.

कारण मावशी, ती दोन्ही रोपं दिसायला सारखीच गं! दोन्हींना दोऱ्यासारखी पानं, दोन्ही वाऱ्यावर सारखीच डोलतात. मी चष्म्याचा दुकानदार. लोकांच्या नजरेतला पाव नंबराचा फरक मला कळतो. पण एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं, नवा चष्मा लावून पाहिलं, काही उपयोग नाही. वास घ्यावा तर मला दोन्हींना हिरवा वास येतो. सासऱ्यांचं नाक तपकिरीने केव्हाच कामातून गेलेलं, शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ते तयार नाहीत. (जावई चष्मेवाला असून!) आणि बायको शेपूच्या नावानेच नाकाला पदर लावते, त्यामुळे ती अंगणात पाऊलही टाकत नाही.

आता गोंधळ ऐक. सासऱ्यांच्या वाफ्यात गर्दी उगवली. जावयाच्या हाताला मोजमाप नाही, असं पुटपुटत त्यांनी ती विरळ केली. आईच्या वाफ्यात मात्र चार बोटांवर एकेक रोप. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण आई चकार शब्द बोलली नाही! उलट तिनेच त्यातली आणखी काही काढून टाकली. पुढे सासऱ्यांची बडीशेप पुरती वाढायच्या आतच फुलावर गेली आणि वाऱ्याने आडवी झाली. आईचा शेपू मात्र छातीएवढा झाला, बुंध्याशी चांगला जाडजूड. भाजी कधी, असं विचारलं की म्हणायची, "अजून कोवळा आहे." पाणी तर बेताचंच घालायची, वर काठ्याही बांधल्या. मला वाटलं, व्याह्यांना खिजवायला शेपूला झाड करायला निघाली आहे.

सासऱ्यांनी मात्र मनाला फार लावून घेतलं. परवा आडव्या पडलेल्या रोपांजवळ बराच वेळ उभे होते. आत येऊन म्हणाले, "तिला इथलं पाणी मानवलं नाही. मलाही नाही मानवायचं." आणि बॅग काढली. रविवारी सकाळच्या बसने जाणार आहेत. बायको त्यांचे शर्ट घडी घालते आणि परत मोडते. आई त्यांना राहा म्हणाली नाही. बॅगेचा पट्टा उसवलाय म्हणून तो शिवायला घेतला, तेवढंच. तो अजून शिवतेच आहे. मला तिचा असा राग आला की विचारू नकोस.

आणि काल दुकानात एका बाईंचे डोळे तपासताना मी म्हणालो, "उजवा डोळा झाका," आणि सवयीने माझा हात माझ्या डावीकडे गेला. बरोबरच आहे, गिऱ्हाईक समोर बसतं, त्याचा उजवा तो माझा डावा. जन्मभर हेच करतोय. आणि माझा हात हवेत तसाच राहिला. मावशी, पेरताना मी मागच्या दारात उभा होतो. समोर गिऱ्हाईक नव्हतं, वाफे होते! पण हाताला ते कुणी सांगायचं? आईचं बी उजवीकडे म्हणत मी डावीकडे टाकलं आणि सासूबाईंचं बी उजवीकडे. म्हणजे सासरे दोन महिने शेपूची सेवा करतायत, आणि त्यांची बडीशेप आईच्या वाफ्यात तिच्या नकळत फोफावली आहे. बाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यात काही वाईट दिसलं का?" मी म्हणालो, तुमच्या नाही.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. – खरं काम राहिलंच. तू शनिवारी ये. सहज आल्यासारखी अंगणात जा, वास घे आणि मोठ्याने म्हण, "अगंबाई, ही तर बडीशेप!" बी पेरताना तूही इथे होतीस आणि बियांची अदलाबदल तुझ्याकडून झाली, असंही जमल्यास म्हण. तुझ्यावर आई चिडेल, पण तुला सवय आहे.

ता. क. २ – येऊ नकोस. पत्र टाकायला निघालो तर आईने दारातच अडवलं, आणि तिच्यापुढे मला आजवर काही लपवता आलंय का? सगळं ऐकून म्हणाली, "मला पहिल्या पानालाच वास आला होता." मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी सगळी उपटून आपल्या वाफ्यात नेली असती. मूळ हलवलेलं तिला चालत नाही. बायकोच्या हातचं शेवटचं बी त्यांच्याच हातून मेलं असतं. म्हटलं, जरा जून होऊ दे." मग हात धरून सासऱ्यांना उजव्या वाफ्यापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "ही तुमची. मी फक्त सांभाळली." ते बुंध्यावरून हात फिरवत राहिले गं. मग म्हणाले, "विहीणबाई, दाणे धरायला अजून चार महिने तरी लागतील." आई म्हणाली, "तुमच्या बॅगेचा पट्टाही तोवर होईल शिवून." बायको पहिल्यांदाच अंगणात आली आणि शेपूत उभी राहून रडली. (शेपूमुळे नव्हे, असं तिचं म्हणणं.)

ता. क. ३ – तू वास घेऊन ओळखशील म्हणून दोन्ही वाफ्यांतली एकेक डहाळी पाकिटात घालतोय. कोणती कोणती ते मला गुपचूप कळव, कारण दोघांनी मिळून उद्यापासून पाणी घालायचं काम माझ्याकडे दिलंय. आणि कृपा करून उजवी-डावी असं लिहू नकोस.