‘ए’च्या तोंडचा शब्द

प्रिय यंग-रान,

तू फोन उचलत नाहीस, हे मी समजून घेतलं. दार उघडलं नाहीस, तेही समजून घेतलं. पत्र मात्र माणूस फाडण्याआधी एकदा तरी उघडून बघतो, त्या आशेवर लिहायला बसलो आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. अक्षर बघून तू ओळखशीलच. आपल्या नुल्दो बेटावरच्या शाळेत गुरुजी माझी वही वर्गात फिरवायचे आणि म्हणायचे, हा पोरगा छापखान्यातच जाणार. तसा मी गेलोही. पुढे वाचत, खोडत, शब्दकोश उशाशी घेऊन झोपत वार्ताहर झालो. पण ते सगळं तुला पाठ आहे.

आधी चांगली बातमी देतो, कारण ती एकच आहे. बे आजींना सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीत हलवलं आहे. बाकीच्या आजी-आजोबांनाही तिथे किंवा शेजारच्या गावात जागा मिळाली. बातमी छापून आल्यापासून ‘वसंत सेवागृहा’ला कुलूप आहे. परवा मी आजींना भेटून आलो. मनगटावरचे वळ पुसट झालेत, कातडी अजून कागदासारखी चुरगळलेली दिसते. मला ओळखलं नाही. “तू कोण रे? आणि माझं जेवण कुठं ठेवलंस?” असं दरडावून विचारलं. मग माझी बाही धरून म्हणाल्या, ती बेटावरची मुलगी कुठं गेली, तिच्या हातची पेज पातळ असायची पण गरम असायची. मी सांगितलं, रजेवर आहे. एवढं मोठं खोटं मी त्या दिवसापर्यंत कधी बोललो नव्हतो. ते तोंडातून अगदी सहज निघालं, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

आता जे तुला ठाऊक नाही ते. हसशील, पण सेवागृहाच्या त्या बातमीसाठी मी पत्रकार संघाच्या पुरस्काराला प्रवेशिका पाठवली. होय, मीच. सोलमधल्या मोठ्या पेपरांच्या कचेरीत जिन्याजवळ टांगलेल्या पुरस्कारांच्या चौकटी बघून, हा काय औषधाच्या दुकानाचा परवाना आहे का, असं विचारणारा मी. आपलं काम आपणच बांधून न्यायचं, वर ‘हे किती थोर आहे’ असं आपणच लिहायचं आणि परीक्षकांच्या दारात उभं राहायचं, याला मी आयुष्यभर भीक म्हणत आलो. मासळी बाजारातल्या बायकांना हे कसं कळलं देव जाणे. शिंपले सोलता सोलता एकीने हाक मारली, “काय हो ह्वांग पत्रकार, बक्षिसाला उभे राहिलात म्हणे, आता कोट शिवणार की भाड्याने आणणार?”  खरं उत्तर बाजारात देण्यासारखं नव्हतं.

खरं उत्तर वकील सोक यांच्या खोलीत मिळालं होतं. सेवागृहाचा संचालक ग्वाक याने अब्रूनुकसानीची तक्रार माझ्यावर केली, ती मी अपेक्षितच धरली होती. तुझ्यावरही केली, तेव्हा मात्र तसाच त्यांच्याकडे धावलो. वकिलांना म्हटलं, अहो, पण छापलं ते सगळं खरं आहे. तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, आपल्या कायद्यात खरं बोलूनही माणूस अब्रूनुकसानीत अडकतो. ते खरं होतं एवढ्यावर भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी बोललो, हेही दाखवावं लागतं. “न्यायाधीशांना तुमचा ‘दक्षिण किनारा’ पेपर माहीत नाही, ह्वांगसाहेब. पत्रकार संघाचा शिक्का माहीत आहे. बातमीला पुरस्कार मिळाला तर लोकहित वेगळं सिद्ध करायला नको. तुमच्यासाठी नाही, त्या बाईंसाठी म्हणतो.” तुला आरोपी म्हणून बोलावतील, शिक्षा झाली तर सेवेचा परवाना जाईल, आणि आताच इथून ग्वांगजूपर्यंत एकही सेवागृह तुला कामावर घेत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. तू कधीच सांगितलं नसतंस.

म्हणून बसलो लिहायला. संघाने पाठवलेल्या सूचनांमध्येच शब्दांमधली जागा इतक्या ठिकाणी चुकली होती, की आधी लाल शाईने त्या दुरुस्त केल्या. तेवढाच हाताला धीर आला. मग ‘या बातमीचं वेगळेपण’ या मथळ्याखाली काय लिहायचं, ते सुचेना. ‘वार्ताहराने चिकाटीने सत्य शोधून काढले’ असं लिहिलं आणि मलाच माझी लाज वाटली. चिकाटी कसली? तू जिना चढून आलीस, फोनमधले फोटो दाखवलेस, मी उतरवून घेतलं. तरी ते वाक्य तसंच ठेवलं. पाठवण्याआधी आईच्या श्राद्धाला घालतो तो एकच कोट काढून घातला, आणि मग स्वतःलाच विचारलं, अरे, टपाल पेटीत पाकीट टाकायला कोट कशाला?

बातमी अंतिम यादीत आली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो आपण. मग परीक्षक मंडळाच्या सचिवबाईंचा फोन आला. फार नम्र, फार शिकलेला आवाज. सगळ्यांना आवडली बातमी, विशेषतः त्या ‘ए’ बाईंचं, म्हणजे तुझं, बोलणं. इतकं जिवंत बोलणं कुणी रचू शकत नाही, असं एक परीक्षक म्हणाले. पण आख्खी बातमी एका निनावी बाईवर उभी आहे. तेव्हा ‘ए’ यांनी स्वतःच्या नावाने, सहीनिशी लिहून द्यावं, की हे मी बोलले आणि माझ्या संमतीने छापलं. नाव मंडळाबाहेर जाणार नाही, असंही म्हणाल्या. मंडळात किती माणसं, विचारलं. हसून म्हणाल्या, विश्वासातलीच आहेत. यंग-रान, आपल्या गावातही सगळी विश्वासातलीच माणसं होती.

तुला शोधत ग्वांगजूला आलो तो याच सहीसाठी. कागद खिशात होता, नीट टाइप केलेला, फक्त नाव घालायचं बाकी. तू आत होतीस. चुलीवर सुक्या मासळीचं पाणी उकळत होतं, त्याचा वास जिन्यापर्यंत येत होता, आणि त्यात मुळा जरा जास्त घालणारी तूच. दारात तुझी सुल्गी आली. तुझंच कपाळ, तुझीच उभं राहायची ढब. मला आत या म्हणाली नाही. मी सगळं समजावलं, वकील, शिक्का, लोकहित. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाली, “काका, तुम्ही आईचं नाव लपवलंत आणि तिचा आवाज छापलात. आवाज ओळखू येतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?” आणि दार लावलं. मी रखवालदाराच्या खोलीत गिमचं, आपल्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाचं, खोकं ठेवून परत आलो. मिळालं असेल. या वर्षीचं गिम जरा जाड आहे, पण भाजल्यावर बरं लागतं.

ती काय म्हणाली ते बसमध्ये बसल्यावर कळलं. तक्रारीत तुझं नाव कसं आलं, ते मला आधीच माहीत होतं, पण त्याच्याकडे सरळ बघायचं मी टाळत होतो. तुझ्याविरुद्ध त्यांच्याकडे ना साक्षीदार आहे, ना रेकॉर्डिंग. फोटो तू दिलेस हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यांच्याकडे आहे तो फक्त एक शब्द.

कचेरीत आलीस तो दिवस आठव. कॉफी नको म्हणालीस, कोटसुद्धा काढला नाहीस. आजींना कसं बांधतात, असं मी विचारलं. सांगून कळणार नाही म्हणालीस, आणि पेपरच्या गठ्ठ्याची सुतळी घेऊन माझंच मनगट खुर्चीच्या हाताला बांधलंस. “ओढ,” म्हणालीस. मी ओढलं. सुतळी मांसात रुतली. “जितकं ओढशील तितकी आवळते. सुटायचं तर हात पुढे लोटावा लागतो, आणि घाबरलेलं म्हातारं माणूस हात कधी पुढे लोटत नाही, मागेच ओढतं. खेकडागाठ आहे ही.” मग वाकून ती सोडवलीस. तुझे केस पांढरे झालेत, ते मला तेव्हा जवळून दिसले. आपण दोघं थंडीत होडीवर उभे राहून गिमची जाळी खांबांना हीच गाठ मारून बांधायचो, आणि तू तोंडाच्या वाफेने ऊब देऊन माझी बोटं मोकळी करायचीस. ते दोघांनाही आठवलं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. पुढच्या वसंतात तुझं लग्न झालं. मीही बेट सोडलं.

गाठ सगळ्या किनाऱ्यावर मारतात. खेकडागाठ तिला फक्त नुल्दोवरच म्हणतात. आणि त्या सेवागृहात नुल्दोची बाई एकच होती. नाव मी ‘ए’ ठेवलं, आपल्या पेपरांची रीतच ती, पहिला साक्षीदार ए, दुसरा बी. बी मिळालाच नाही. वय बदललं, कामाची पाळी बदलली. शब्द तेवढा ठेवला. कारण तो अचूक होता, आणि अचूक शब्द हाती आल्यावर मला तो खोडता येत नाही. तरी छापायच्या आधी तुला फोनवर सगळं वाचून दाखवलं होतं. त्या शब्दापाशी थांबून विचारलं होतं, हा असा जाऊ दे ना?  तुझ्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग म्हणालीस, “राहू दे.”

मी ऐकलं, ‘असू दे, ठेव.’ आनंदाने फोन ठेवला.

आता दिवसभर ते दोन शब्द कानात घोळवतो आहे. ‘राहू दे’ म्हणजे ठेव. पण आपल्याकडे पाहुण्याला आणखी वाढायला गेलं की तोही म्हणतो राहू दे, आणि तेव्हा त्याचा अर्थ नको असा असतो. तुझा आवाज खाली उतरला होता की नाही, मला आठवत नाही. लोक कुठल्या शब्दावर खोकले हेसुद्धा टिपून ठेवणारा मी, तुझ्या दोन शब्दांचा अर्थ विचारायला विसरलो. सचिवबाईंच्या कागदावर ‘माझ्या संमतीने छापलं’ असं वाक्य आहे. त्याखाली तुझी सही मागायला मी दारात उभा होतो, आणि संमती होती की नाही, ते मलाच माहीत नव्हतं. वाट्टेल त्याची शपथ घेऊन सांगतो, मला अजूनही माहीत नाही. आणि तुला विचारायची ही वेळ नव्हे. तुझा निरोप येईपर्यंत पोलिसांनी चौकशीला दिलेली तारीख थांबणार नाही.

तेव्हा मी काय केलं ते ऐक, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. फोनवर लिहिलेलं पुसलं तरी मागे राहतं म्हणतात, कागद जळतो, वाचून झाला की हा जाळ. प्रवेशिका मी मागे घेतली. परीक्षक मंडळाला लेखी कळवलं, की ‘ए’ यांच्या तोंडी घातलेलं गाठीबद्दलचं बोलणं त्यांचं नव्हे. वार्ताहर स्वतः नुल्दोचा. शब्द त्याचा, त्याने तो रचून घातला. तेच पोलिसांना सही करून दिलं. तेच येत्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती म्हणून जाईल, पानाची जुळणी मी स्वतःच केली आहे. वकील सोक यांनी कपाळावर हात मारला, म्हणाले, आता तुमच्यावर खोट्याचा गुन्हा, तो खऱ्यापेक्षा भारी. असू दे. आजींचे हात सुटले आहेत, ते आता कुणाच्या कागदाने परत बांधले जात नाहीत. उरलीस ती तू. शब्द माझा झाला, की ‘ए’ कुणीही असू शकते. पण तुझं नि माझं बोलणं जुळायला हवं, म्हणून नीट वाच. तुला विचारतील, हा शब्द तुम्ही वापरता का? लग्न होऊन बेट सुटलं तेव्हाच विसरले, असं सांग. विचारतील, ह्वांगला ओळखता का? गावाकडचा आहे, एवढंच सांग. आणि विचारतील, तो असं मनाचं लिहील का? तिथे तू थांबशील, मला माहीत आहे, सांगायला तुझी जीभ रेटणार नाही. रेट. म्हण, लिहील. म्हण, लहानपणापासून त्याला थोडं वाढवून सांगायची सवयच आहे. त्यांच्याकडे बघून म्हण, अडखळू नकोस.

तुझाच,
पिल-ग्यू