पट्टी गुलाबीच राहिली

प्रिय धाकटीस,

काल फोनवर तू जे बोललीस ते मी निमूट ऐकून घेतलं. मी तुझ्या लेकीला, चिमीला, चारचौघांत घालूनपाडून बोलले, तिला नोकरीवरून घरी पाठवलं, मावशी म्हणवून घ्यायची मला लाज वाटायला हवी. आणि शेवटी म्हणालीस, 'चिमी जिथे शिकली, तो क्लास तूच बघून आली होतीस ना?' त्यावर मी फोन ठेवून दिला. मला राग आला म्हणून ठेवला असं तुला वाटलं असेल. राग आलेलाच आहे. चार दिवस झाले, मी कपाटाची दारं आपटतेय, जेवताना ताटाशी भांडतेय. पण फोनवर तुझ्याशी मला धड भांडताही येत नाही, कारण तू मध्येच रडायला लागतेस. पत्रात तुला मध्ये पडता येणार नाही, म्हणून लिहितेय.

चिमीने तुला काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मंगळवारी सकाळी आमच्या दातांच्या दवाखान्यात मी एक्स-रेच्या खोलीत होते आणि चिमी डॉक्टरांबरोबर पेशंटच्या खुर्चीपाशी. त्याआधी हत्यारं निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात घालायचं काम तिनेच केलं होतं. मध्ये दोन मिनिटं वीज गेली, यंत्र अर्ध्यात थांबलं आणि भोंगा वाजायला लागला. तिने भोंगा बंद केला, दार उघडलं, हत्यारांची पाकिटं गरम लागली म्हणून झालं असं समजून खणात रचून ठेवली. प्रत्येक पाकिटावर एक गुलाबी पट्टी असते. वाफ पुरेशी मिळाली की ती काळपट तपकिरी होते, म्हणजे आतलं हत्यार तोंडात घालायला हरकत नाही. त्या दिवशी सगळ्या पट्ट्या गुलाबीच होत्या. चार माणसांच्या तोंडात ती हत्यारं गेली. पाचव्यासाठी पाकीट काढायला मी खण उघडला, तेव्हा मला ते दिसलं.

हो, मी ओरडले. पेशंट बाहेर बसलेले असताना ओरडले. 'पट्टी बघायची एवढंही शिकवलं नाही का तुला?' असं म्हणाले. ती म्हणाली, 'नाही मावशी.' थापा नाहीत, वीज गेली म्हणून कारणं नाहीत. मी खरंच विचारतेय असं समजून खरं ते सांगावं, अशा आवाजात. त्या वेळी मला ते उलट उत्तर वाटलं आणि मी तिला घरी जायला सांगितलं.

डॉक्टरांचं तर बघायलाच नको. बावीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताशी उभी आहे, आणि हे म्हणतात, 'होत नाही काही. उगाच बोभाटा कशाला?' हत्यार हातात घेताना पाकीट त्यांनीही बघितलं नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुम्ही कळवत नसाल तर मी कळवते, आणि मग उद्यापासून दुसरी बघा. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. चौघांना मी केले फोन. एकाने आईबहीण काढली, ती मी ऐकली. एक आजोबा उलट मलाच धीर देत बसले. एका बाईंची दाढ काढली होती. त्या म्हणाल्या, 'माझं बाळ अजून अंगावर पितं. पाजू का?' मी ते डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, आणि पाजायला हरकत नाही असं कळेपर्यंतचा अर्धा तास त्या बाईंनी कसा काढला असेल? चौघांच्याही रक्ताच्या पहिल्या तपासण्या स्वच्छ आल्यात. पुन्हा तीन महिन्यांनी करायच्या. तोवर ते रोज सकाळी उठून याच विचाराने दात घासणार.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्या क्लासवर गेले. खाली काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर पांढरे कोट घालून हसणाऱ्या मुलींचे फोटो. संचालक म्हणवणारा माणूस मला नव्या मुलीची आई समजला आणि दहा आठवड्यांत कशी नोकरीची हमी, ते पोपटासारखं म्हणून दाखवायला लागला. मी म्हटलं, खुर्ची दाखवा. तीस मुलींना मिळून एकच खुर्ची, आणि तिला पाण्याची नळीच जोडलेली नाही! लाळ ओढायचं यंत्र प्लॅस्टिकच्या वेष्टनात तसंच. वाफेचं यंत्र कुठाय विचारलं, तर त्याने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. अगं, चित्राकडे! आणि चिमीच्या प्रमाणपत्रावर लिहिलंय, प्रत्यक्ष दवाखान्यात एकशेवीस तास. कुठल्या दवाखान्यात, विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, हे सगळं नोकरी लागल्यावर हाताखालून जातंच.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हाताखालून जायला ती पोळी नाही, माणसाचं तोंड आहे. मी एवढी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. बरंच झालं. त्यांनाही सांगितलं की ही खुर्ची कोरडी का, ते विचारा.

तिथून तशीच दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले, तिथे दंतसहायकांचा वर्षभराचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. पायावर आवरण चढवल्याशिवाय त्यांनी मला उंबरा ओलांडू दिला नाही, तिथेच मला त्या आवडल्या. एक मुलगी हातमोजे काढताना मनगटाला बोट लावत होती. बाईंनी तिला ते पाच वेळा परत घालून परत काढायला लावलं, आवाज न चढवता. पहिल्या महिन्यानंतर मुली रोज खऱ्या पेशंटशेजारी उभ्या राहतात. मी विचारलं, तुमच्याकडे नापास कोणी होतं का? त्या म्हणाल्या, 'गेल्या वर्षी विसातल्या तिघी. दोघींनी पुन्हा वर्ष केलं.' असं सरळ उत्तर जिथे मिळतं ना, तिथे मुलगी घालावी. हे सगळं बघायला मला एक दुपार पुरली. एकच दुपार.

आणि तीच मी तुला दिली नव्हती. धाकटे, मी त्या क्लासवर गेलेच नव्हते.

तेव्हा तू तीनदा फोन केलास. 'तू त्यातली आहेस, एकदा डोळ्याखालून घाल' म्हणालीस. पण त्याच्या आठवडाभर आधी तुझ्याकडे सगळे जेवायला बसलो होतो, आणि चिमीचे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, 'चिमी पण आता मावशीसारखी लोकांची थुंकी पुसणार.' आणि तू हसलीस. ते बोलले त्याचं मला काही नाही, त्यांचं तोंड तसलंच. तू हसलीस. मी बावीस वर्षं जे मान ताठ ठेवून केलं, त्यावर माझी सख्खी बहीण हसली. मी मनात म्हटलं, थुंकीच पुसायची आहे तर कुठलाही क्लास चालेल. आणि तुला कळवलं, 'बघून आले, छान आहे.' तू माझ्या शब्दावर पोरीचं नाव घातलंस. मग ती माझ्याकडे कामाला आली तेव्हा तरी तिला काय येतं हे मी एकदा तपासून बघायचं की नाही? तेही नाही केलं, कारण तपासलं असतं तर माझंच खोटं उघडं पडलं असतं. चार दिवस मी डॉक्टरांवर, त्या संचालकावर, तुझ्यावर राग काढतेय. त्यातला निम्मा माझ्या वाटणीचा आहे.

तू काल म्हणालीस, चिमी खोलीचं दार लावून बसलीय, 'माझ्यामुळे झालं, मी परत कशाला हात लावणार नाही' एवढंच म्हणते. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून तुला हे वाचून घडी घालून ठेवू देणार नाही. तिच्या दाराशी जा आणि मोठ्याने वाच, मधलं काही न गाळता, तुझं हसणंसुद्धा. पुढे शिकायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. शिकायचं म्हणाली तर सोमवारी मी तिला त्या बाईंकडे घेऊन जाईन, आणि नको म्हणाली तर तोंडातून शब्द काढणार नाही. फक्त तिला न शिकवलेल्या गोष्टीची शिक्षा तिने भोगू नये. मावशी खोटं बोलली होती, हे तिला तुझ्या आवाजात ऐकू दे. माझ्या शब्दावर ती आता का विश्वास ठेवेल?

तुझीच, रागावलेली आणि चुकलेली,
मोठी