अमरावती न लढता पडली

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून डिसिप्लिन. पाचला उठणे, फिरणे, मग युद्ध. उठलो आठला.
अकोल्याचा कुंदन मोबाइलवर रोज कादंबरीचा एक भाग टाकतो. दुसरं महायुद्ध, पण यात जपानी विशाखापट्टणमला उतरतात आणि थेट नागपूर घेतात. काल वर्धा पडलं. आता पाळी अमरावतीची, म्हणजे माझी.
सीमाचा फोन. लेक अकोल्यालाच असते. म्हणाली, "बाबा, काहून एकटे राहून राहिले? इकडं या, मागची खोली रिकामीच हाये." सांगितलं, सध्या जमणार नाही, फ्रंट पुलगावजवळ आलाय. तिने विचारलं, गोळ्या घेतल्या का. प्रभावित झाली असावी.

५ नोव्हेंबर
कुंदनला सल्ला पाठवला: पुलगावचा पूल उडव. त्याने अंगठा पाठवला. मी अकोल्याला जाऊन बसलो तर या पोराचं युद्ध कोण सांभाळणार?
शेजारच्या केशवरावांना नकाशा बघायला बोलावलं. आले नाहीत. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आधीपासून शंका होती.
पोळ्या पुन्हा कडक. सीमाची आई जमुना गेल्यापासून कणीकही ऐकत नाही. भात लावला.

९ नोव्हेंबर
पूल उडाला नाही. स्ट्रॅटेजी असेल.

११ नोव्हेंबर
आजचा भाग दोन ओळींचा! "अमरावती न लढता पडली. सेनापती अकोल्याला गेले."
आमच्या राजापेठेत कुणी एक वीटसुद्धा फेकली नाही? हा अकोलेकरांचा डाव आहे. उद्या समोरासमोर बोलणार. कडक शब्दांत.

१२ नोव्हेंबर
अकोल्याच्या जुन्या शहरात कुंदनचं औषधांचं दुकान सापडलं. पोरगा नम्र. खोकल्याच्या बाटल्या देता देता म्हणाला, "काका, अमरावतीत लढाले कोन उरलं होतं? सारे तं पुण्या-मुंबईले गेले." उत्तर तयार होतं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चहा पाजला त्याने. दोन तास चर्चा झाली, बोललो मीच. शेवटी म्हणाला, "काका, शटर ओढाचं हाये."
सीमाचं घर तिथून जवळच. वळणापर्यंत गेलो. गच्चीवर तिचे कपडे वाळत होते. आत गेलो असतो तर तिला वाटलं असतं, बाबांना करमत नाही. परत फिरलो. बसमध्ये फार एकटं वाटलं. प्रवासाचा शीण, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर
कादंबरी संपली. "जपानी परत गेले. लोक आपापल्या घरी आले." कुंदनला विचारलं, एवढी घाई का? त्याचं लग्न ठरलंय, लिहायला वेळ नाही म्हणाला.
असो. जिंकलो. आता सीमाचा हट्ट पुरवायला हरकत नाही. बॅग भरली आणि फोन केला: युद्ध संपलं, उद्या येतो.
म्हणाली, "बाबा, त्या खोलीत आता सासूबाई हायेत. परवा तेल्हाऱ्याहून आल्या, कायमच्या. मी किती डाव म्हटलं तुमाले, या म्हनून."
मी म्हटलं, बरंच झालं, मलाही इथे पुष्कळ कामं आहेत.
तिने विचारलं, "कोनती?"
म्हटलं, दारात कुणीतरी आलंय, आणि फोन ठेवला. बॅग भरलेलीच आहे. कोणती कामं, ते उद्या ठरवीन.