काकडा विझायच्या आधी

आई,

तू असतीस तर आधी मला वेड्यात काढलं असतंस. रिटायर झालेली बाई, गुडघे दुखतात म्हणून घर डोक्यावर घेते, आणि महिनाभर कॉम्प्युटरपुढं बसून केलं काय, तर स्टोव्ह! खरा नव्हे गं, पडद्यावरचा, नातीला खेळायला. जन्मभर सांगलीत ऑफिसांचे रुक्ष प्रोग्रॅम लिहिले, म्हटलं एक तरी गमतीचा लिहावा. बर्नरभोवतीचा रॉकेलात भिजवलेला काकडा बोटानं पेटवायचा, बर्नर तापू द्यायचा, चावी आवळायची, मग पंप. नीट केलं की निळी ज्योत आणि तो फर्रर्र आवाज. आवाज काही जमेना, शेवटी मीच तोंडानं काढून भरला. नात लोळून हसली. घाई केली की मात्र भडका, दूध उतू, आणि एक म्हातारी येऊन पदर खोचलेल्या बाईला फैलावर घेते. ती पदर खोचलेली बाई तू.

पंच्याहत्तर सालाच्या आसपास आबा पलटणीतून सुट्टीवर आले, ते सांगलीतनं स्टोव्ह घेऊनच गावी, कुंडलला उतरले. चुलीत उसाचं पाचट सारताना तुला खोकल्याची उबळ यायची म्हणून. तू तो चिंचेनं घासायचीस, पितळ नुसतं लखलखायचं. त्या दिवशी पाव्हणे आले होते. तू काकडा पेटवलास, "ह्यो इझंपतोर पंपाला हात लावू नगंस, लय भडकतंय," म्हणालीस आणि दुधाला गोठ्यात गेलीस. मी नऊ वर्षांची, अतिशहाणी. पाव्हण्यांच्या पोरी दारातून बघतायत. मारला पंप, चांगला दहा-बारा वेळा. जाळ थेट आढ्याला, फळीवरचे कागद पेटले. तू धावत येतेस, चावी सोडतेस, ओलं पोतं टाकतेस. मनगट भाजलेलं नंतर दिसलं. तुझ्या सासूबाई ओरडतच आल्या, "पंप कुनी मारला?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "म्याच मारला, आत्ती. गडबड झाली."

"हिला न्हाई जमायचं," असा निकाल लागला आणि स्टोव्ह बांधून माळ्यावर गेला. आबा चार दिवसांनी ड्युटीवर गेले. तू परत धुरात. तुझा खोकला ऐकत मी दहावी केली, कॉलेज केलं. आणि खरं सांगू? घरात स्टोव्हचा विषय निघाला की "आमच्या आईनं घरच पेटवलं असतं" म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसायची ती मी. तूही हसायचीस. मला आता त्याची लय लाज वाटते.

काल नात मुद्दाम घाई करून भडके उडवत होती. मधेच थांबली. म्हणाली, "आजी, पंप तर मी मारला. मग तिला का ओरडतात?" आणि मी काय म्हणावं! "अगं, तुझ्या पणजीला स्टोव्ह जमतच नव्हता." पन्नास वर्षं झाली आई, तरी तोंडातून तेच आलं.

प्रोग्रॅममधली ती ओळ बदलायला दोन मिनिटं लागली. आता बोलणी पंप मारणाऱ्यालाच. हे पत्र तुला कुठं पाठवणार? निदान नातीला तरी वाचून दाखवावं म्हणून सकाळपासून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि परत पाठवलं.