मांजर, मधमाशी आणि मामाचा खेकडा

सोमवार, १४ ऑक्टोबर

मेला! शेवटी मेला मामाचा कीबोर्ड. खाऱ्या हवेने आतून पार पोखरला होता. काल भर नाचात दोनतीनच चाव्या बोलत होत्या, आज एकही नाही. विल्फ्रिदो मामा अंगणात त्याला मांडीवर घेऊन बसला होता, घरातलं कुणी गेल्यासारखा.

मग उठला, आईला बिंगोत लागलेली टॅब आणून माझ्यापुढे टाकली. "नायिबे, हिच्यात म्हणे सगळी वाद्यं असतात. शोध."

"आणि वाजवणार कोण?"

"जो शोधेल तो."

मी तीनदा विचारलं. तिन्हीदा तेच म्हणाला! खेकडा म्हणजे मामाचा पिको: रस्त्यातल्या नाचाला गाणी लावायची आणि वरून चाव्यांवर ताल वाजवायचा. त्याच्या भिंतीएवढ्या भोंग्यांमागे आजवर एकही बाई उभी राहिलेली नाही. बर्फ द्यायला जायचं आणि परत यायचं. लहानपणापासून मी तो बर्फ नेतेय आणि दर वेळी मामाच्या बोटांकडे बघत जरा जास्तच रेंगाळतेय.

अट मात्र आहे. "दहा नोव्हेंबरला वाळवीशी सामना. तोवर तुला जमलं नाही तर टपरीवाल्या दाइरोला बोलावतो."

वाळवी! पलीकडच्या वस्तीचा तो पिको आमच्यापेक्षा मोठा, रंगही नवा. त्यांच्यासमोर, शहराच्या स्वातंत्र्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, मी?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ॲपच्या दुकानात 'संगीत बनवा' असं टाकलं. अरे देवा. शेकडो! प्रत्येकाला साडेचार तारे. एकाखाली कुणी लिहिलंय 'आयुष्य बदललं', त्याच्याच खाली दुसरा — 'पैसे परत द्या, चोरांनो'. कुणाचं खरं मानू?

शेवटी चित्रं बघून तीन उतरवली. एक निळं, एक मधमाशीचं, एक मांजराचं. नवरा निवडताना आईनेही म्हणे असंच केलं होतं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

निळं उघडलं. यापेक्षा विमान चालवायचं असतं तर बरं झालं असतं. नुसत्या रेघा, गोल खुंट्या, लुकलुकणारे दिवे. किनाऱ्यावर गोऱ्या बायकांच्या केसांच्या बारीक वेण्या मी न बघता घालते, आणि इथे एक ढोल कुठून वाजतो ते सापडेना.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

निळं पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं.

रविवार, २० ऑक्टोबर

आज मधमाशी. आवाज काय गोड! पण बोट आत्ता आपटायचं आणि ढोल मागाहून वाजायचा. मी चिडले, पुन्हा आपटलं, पुन्हा उशीर. मामा हसून लोळला. "बोगोटाची दिसते ही. आधी 'कसे आहात, घरचे कसे आहेत', मग काम!"

तेवढ्यात दाइरो आला. बाजारात त्याची फोन आणि भोंगे दुरुस्त करायची टपरी आहे. कुणी बोलावलं त्याला? टॅबकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "भोंग्याला ब्लूटूथने हवेतून आवाज पाठवतेस, बाई, मग उशीर होणारच. तार लाव." खिशातून तार काढली, खोचली. झालं! बोट आणि ढोल एकत्र.

मी थँक्यू म्हटलं नाही. मला जमलं नाही तर ही जागा त्याची आहे. मग हा मला मदत का करतोय? डोकं चालेना.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मधमाशी डसली. आज उघडली तर सगळ्या ढोलांवर कुलपं! दरमहा डॉलर द्या म्हणे. आठवडाभरही सुखाने वापरू दिलं नाही. वर संध्याकाळी वस्तीची वीज गेली, तर इंटरनेट नाही म्हणून उघडायलाच तयार नाही. कोपराला गूळ लावून गेली मेली.

आई म्हणते, "सोड ना. दाइरोला वाजवू दे. चांगला मुलगा आहे." हे 'चांगला मुलगा' कशासाठी होतं तेही कळलं नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मांजर! मांजरच!

फुकट. इंटरनेट नको. सोळा चौकोन, आणि प्रत्येकात आपल्याला हवा तो आवाज भरता येतो. भाताच्या पातेल्याचा ठणका भरला. शेजारच्या दाराचा अडसर भरला. आई रागावते तेव्हाचं तिचं "आय!" भरलं, आणि तिने ऐकलं तेव्हा तसंच्या तसं "आय!" म्हणाली. काही साठवलं की मांजर म्याव करतं. मी दिवसभर म्याव म्याव करवलं. आज मला सगळं कळतंय.

रविवार, २७ ऑक्टोबर

काहीच कळत नाही.

शेजारच्या ओसिरिसच्या लेकीचा पंधरावा वाढदिवस. मामाने रस्त्यात दोनच भोंगे लावले, चाचणी म्हणून. गाणं संपत आलं, रेकॉर्डवरचा गाणारा थांबला, आता एस्पेलुके, शेवटचा नुसत्या तालाचा तुकडा — आता माझा धिंगाणा, आता लोकांचे केस सुटायला हवेत! मी चौकोनांवर तुटून पडले. एक चूक नाही. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

आणि लोक बसले. खरंच बसले! कुणी बिअर आणायला गेलं, कुणी फोन काढला. जिचा वाढदिवस ती पोरगी पायातले बूट सैल करत होती.

मामा भोंग्यांच्या तारा गुंडाळायला लागला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. आई म्हणाली, "वाजवलं तूच ना? मग असं इस्त्री मारल्यासारखं का वाटलं?"

सोमवार, २८ ऑक्टोबर

मांजर काढून टाकलं. तासाभराने परत घेतलं. माझे आवाज सगळे गेले, पातेलंही, आईही. परत भरले. तरी तेच — स्वच्छ, सरळ, मेलेलं.

मामा जाता जाता म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." आधी चिडले, पण मग वाटलं, खरंच मला येत नसेल तर? इतकी वर्षं बर्फ नेता नेता नुसतं वाटत राहिलं असेल, की येतं?

खूप रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

बुधवार, ३० ऑक्टोबर

टॅब घेऊन स्वतःच दाइरोच्या टपरीवर गेले. अभिमान घरी ठेवून. तो पिवळ्या केळ्याचा तुकडा तोंडात धरून एका भोंग्याची तार जोडत होता.

"वाजव," म्हणाला. वाजवलं. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "तुझं बोट आधी पडतं. विल्फ्रिदोचंही पडायचं, केसभर आधी. लोक त्यावरच नाचतात, पाय उचलायला घाई होते त्यांची. पण बाहेर ते येतच नाही. मांजर तुझं बोट धरून जागेवर बसवतं."

आणि कुठल्याशा कोपऱ्यातलं, मी कधी न बघितलेलं बटण दाबलं. 'आपोआप सरळ करा' — बंद.

मी वाजवलं. शेजारची मासळीवाली टोपली खाली ठेवून नाचायला लागली!

इतके दिवस मी मला सोडून त्या मांजराचं ऐकत होते. आनंद झाला की राग आला, सांगता येणार नाही. दाइरो नुसता हसत होता. त्याचे पुढचे दात जरा एकमेकांवर चढलेत, हे आज दिसलं.

शनिवार, २ नोव्हेंबर

मामाने 'मडकं' दिलं. आमचं नवं गाणं, फक्त खेकड्याचं! खरं नाव काय, गाणारा कोण, मामा कुणाला सांगत नाही. ज्याला ऐकायचंय त्याने खेकड्यासमोर यावं, प्रत बाहेर जात नाही. प्रत बाहेर गेली की गाणं मेलं आणि पिकोची अब्रूही.

त्यावर मी माझा ताल दोनदा रेकॉर्ड केला, एकदा सरळ, एकदा वाकडा. आणि पुन्हा गोंधळ! कानात लावून ऐकलं की वाकडा चुकल्यासारखा वाटतो, सरळ रेडिओवरच्यासारखा. सामन्याला काय घेऊ? मामा म्हणाला, "ठेव माझ्याकडे टॅब, मी ऐकतो दोन्ही." म्हणून आज टॅब त्याच्याकडे.

पण त्याआधी मी दोन्ही माझ्या फोनवर घेऊन दाइरोला पाठवले. 'कुठला?' असं विचारून.

गाण्यासकट पाठवले!! नुसता ताल पाठवायचा होता. बटण दाबल्यावर लक्षात आलं. ज्याला आपल्या जागेवर यायचंय त्याच्या हातात मी खेकड्याचं गाणं दिलं. मामाला कळलं तर भोंग्याखाली पुरेल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दाइरोचं उत्तर आलं, एकच शब्द — वाकडा. मी लिहिलं, 'दोन्ही पुसून टाक, आत्ता.' त्याने लिहिलं, 'पुसलं. मी काय चोर आहे?'

मामाने टॅब परत दिली. तोही म्हणाला, "वाकडा. आणि रेकॉर्ड लावायचं नाही, समोर उभं राहून वाजवायचं."

दोघं एकच म्हणाले, म्हणजे बरोबर असणार.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज सण. बाहेर पोरं एकमेकांवर फेस उडवतायत, मी खाटेवर. काल काय झालं ते लिहिते.

उन्हं कलायच्या आधीच रस्ता भरला. एका टोकाला वाळवी, दुसऱ्या टोकाला खेकडा, मधे माणसं. पहिली पाळी त्यांची. त्यांच्या माणसाने माइकवर आरोळी दिली, "खेकड्याच्या बिळातून आणलंय!" — आणि 'मडकं' लागलं.

आमचं 'मडकं'! एस्पेलुके आला, आणि तो माझाच. सरळ. इस्त्रीचा. सगळा रस्ता मान वळवून आमच्याकडे बघायला लागला. मामाने कपाळाला हात लावला.

आणि मला दाइरो दिसला, तळलेल्या कच्च्या केळ्यांच्या, पाताकोनच्या गाडीपाशी, हातात कागदाची पुडी. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मामाच्या हातातला माइक ओढला आणि जेवढा श्वास होता तेवढ्याने ओरडले, "दाइरो चोर! आम्हाला विकलंस, दाइरो!"

सगळे भोंगे माझे होते. तो काहीतरी म्हणत होता, ओठ हलताना दिसले, पण माझ्या आवाजापुढे त्याचा काय ऐकू येणार? लोकांनी त्याला ढकलायला सुरुवात केली. पुडी पडली. मग तो गर्दीत दिसेनासा झाला.

मग मी वाजवलं. तेच 'मडकं', पण वाकडं. रागाने बोटं आणखीच आधी पडत होती. आणि लोक आले! वाळवीसमोरचे सुद्धा धावत आमच्याकडे आले, बायकांनी केस सोडले, ओसिरिसची लेक चपला हातात घेऊन नाचत होती. वाळवीने पुन्हा 'मडकं' लावलं तर लोक हसले! नक्कल म्हणाले, शिळं म्हणाले.

मामाने माइकवर सांगितलं, "चाव्यांवर — नायिबे!" माझं नाव. खेकड्यातून. त्या क्षणाची मी लहानपणापासून वाट बघत होते. तो आला आणि मला नुसता दाइरोचा चेहरा दिसत राहिला.

दगाबाज! मी रडणार नाही त्याच्यासाठी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

वेण्या घालायला गेले तर किनाऱ्यावरच्या बायका माझ्याच आवाजात ओरडल्या — "दाइरो चोर!" सामन्यातलं माझं ओरडणं सगळ्यांच्या फोनमध्ये आहे म्हणे. हसावं की काय करावं?

रविवार, १७ नोव्हेंबर

मामाने कुणाकडून तरी तो आवाज मिळवून मांजराच्या रिकाम्या चौकोनात भरून घेतला. आज वाजवताना म्हणाला, "दाब ते." दाबलं. अख्खा रस्ता ओरडला, "विकलंस, दाइरो!" पुन्हा दाब, पुन्हा दाब. म्हणे आता हीच खेकड्याची आरोळी.

येताना दाइरोच्या टपरीवरून आले. बंद. फळीवर कुणीतरी खडूने 'चोर' लिहिलंय. त्याची आई समोरून आली, मला बघून मान फिरवली. तिचा यात काय दोष?

गुन्हा केला त्याने, मग मलाच का बरं वाटत नाहीये?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज मामा जेवायला आला. तळलेला मासा खात आईला रंगवून सांगत होता. "सरळवालं मीच पोचवलं वाळवीकडे! त्यांच्याच माणसाच्या हातून, चोरलंय असं भासवून. आधी त्यांनी शिळं वाढायचं, मग आपण ताजं. वाटलंच होतं, गाढवं वाजवतील!" माझ्याकडे वळून डोळा मारला. "आणि तुझं ते ओरडणं! सांगून आलं नसतं इतकं झकास."

"दाइरोचं काय?" मी विचारलं.

"त्याचं काय? चार दिवसांत विसरतील लोक."

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुळी देणारी मी.

तो चौकोन पुसला. मांजर म्याव म्हणालं. मामा काटा काढत म्हणाला, "पुसून काय होणार, पोरी? अख्ख्या वस्तीच्या फोनात आहेस तू." तेवढ्यात रस्त्यावरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर माझा आवाज ओरडत गेला, "दाइरो चोर!"