नानांचे नाक

आषाढ शु. ४, शके १८११. कल्याण.
वैद्यांनी आज आईला स्पष्ट सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर दिवाळीपर्यंतही टिकेलसे वाटत नाही. ती घाबरली नाही. घरी येताना मला म्हणाली, "एवढी चित्रकला शिकलास, तर यांचं एक चित्र काढ. दिसतंय तोवर बघून घेते."
नानांना जाऊन दोन वर्षे झाली. फोटो एकही नाही. फोटोने आयुष्य कमी होते, असे त्यांचे ठाम मत. काढला नाही, तरी पन्नाशीपुढे कुठे गेले?

आषाढ शु. १३
शाळेला सुटी. बसलो. समोर कोणी नाही, सगळे आठवून काढायचे. दोन तासांत चेहरा उभा राहिला, आणि सुबक आला, खोटे कशाला लिहू. आईला खिडकीपाशी नेऊन दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.
"छान आहे रे. पण हे कोण?"
मग जेवणे झाली.

आषाढ व. ५. ठाणे, शाळेत.
कारण सापडले. मुलांपुढे प्लास्टरचे डोके ठेवले होते, कुठल्याशा परदेशी देवाचे. नाक कपाळातून निघालेले, सरळ. चित्रातल्या नानांचे तेच. मुंबईस तीन वर्षे हीच डोकी काढली, आता इथे पोरांकडून काढून घेतो. हात तिकडचाच होऊन बसला. नानांचे नाक असे नव्हते. मग कसे होते?

श्रावण शु. ८
चौथे चित्र. हाशा आला होता. नाना खाडीवरच्या मिठागरात कारकून होते, तेव्हा हा तिथे मीठ ओढायचा. पावसाळ्यात काम बंद असले की अजून आईची विचारपूस करायला येतो. चित्रापुढे उकिडवा बसला.
"मास्तर, यो नाना नाय. नानांचे डोले बारीक व्हते. उन्हात मिठाकरं बघून बघून."
नाकाचे विचारले, तर म्हणाला, नाकाकडे कोण बघतो.
डोळे बारीक केले. आता तो देव उन्हात उभा केल्यासारखा दिसतो. नाना वीस वर्षे मिठाकडे बघून तसे झाले, मी तीन वर्षे प्लास्टरकडे बघून असा. दोन्ही पांढरेच.

भाद्रपद व. ७
पक्ष. नानांची तिथी. आईने पहिलेच चित्र मागून घेतले. म्हटले, अगं, ते चुकले आहे.
"असू दे. दोन वर्षं रिकाम्या भिंतीला हात जोडते आहे."
तिने स्वतः चाचपडत हार घातला. मला रडू आले. पंगत बसली होती, म्हणून मागे विहिरीवर गेलो.

आश्विन व. २
चित्र भिंतीवरच आहे. आई रोज सकाळी अगदी जवळ जाऊन बघते, त्याच्याशी बोलते. काल शेजारच्या काकूंना सांगत होती, यांचं कपाळ कसं भव्य होतं. भव्य नव्हते. एवढे मला नक्की आठवते. बहुतेक आठवते.

कार्तिक शु. ६
उजवा गेला. डाव्याला उजेड तेवढा कळतो. दिवाळी पाहिली म्हणायची.

कार्तिक व. १
नवा कागद टाचला. या वेळी आठवायचे नाही, विचारून काढायचे, असे ठरवून आईपाशी बसलो. म्हटले, तू नुसते सांग, नाना नाकीडोळी कसे होते. नाकापासून सांग.
ती क्षणभरही थांबली नाही. न बघता भिंतीकडे बोट केले, अगदी बरोबर चित्रावर.
"तिथं आहे की. सरळ होतं."
मी डोळे मिटून पाहिले. मलाही तेच दिसले.
कागद कोराच आहे. पाऊस संपला, मिठागरे सुरू झाली असतील. पुढल्या सुटीला हाशाकडे जाऊन, दुपारभर तिथे उन्हात बसून यावे म्हणतो.